आतडी, जनुकं आणि मन: गोळ्या बंद करून नुसत्या आहाराने डिप्रेशन बरं होतं का?

सांगलीकरीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज मदत हवी म्हणून धागा काढतेय.

माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला असतो. गेल्या वर्षी त्याला डिप्रेशनचं निदान झालं, सायकिअ‍ॅट्रिस्टने गोळ्या सुरू केल्या, हळूहळू फरक पडला, ऑफिसला जायला लागला, फोनवर नीट बोलायला लागला. ह्या दिवाळीत घरी आला तो वेगळंच काहीतरी डोक्यात घेऊन. मित्राने त्याला व्हिडिओ पाठवलेत, त्यात म्हणे शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन पोटात तयार होतं, म्हणजे डिप्रेशन हा मेंदूचा आजारच नाही, आतड्याचा आहे, मग मेंदूच्या गोळ्या कशाला खायच्या. त्याने महागडी प्रोबायोटिक (म्हणजे 'चांगले' जंतू असलेली) पावडर मागवलीये, वर थुंकीची जेनेटिक टेस्टही केलीये. रिपोर्टात लिहिलंय की एका जनुकात बदल आहे त्यामुळे 'मेथिलेशन' नीट होत नाही, सबब त्याच कंपनीच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्या. आता म्हणतोय की गोळ्या सोडतो आणि 'गट हील' करतो, म्हणजे आतडी बरी करतो.

आईबाबा घाबरलेत. मला त्याच्याशी भांडायचं नाहीये, कारण ह्यातलं सगळंच खोटं असेल असंही वाटत नाही. जेवणाचा आणि मनाचा संबंध असणारच ना? पण तो किती, आणि कुठपर्यंत? इथे डॉक्टर आणि संशोधक मंडळी आहेत, कृपया मराठीत समजावून सांगा, मी त्यालाच हा धागा वाचायला देणार आहे.

ओपीडीतून

ताई, बाकी सगळं नंतर, आधी हे त्याला आजच सांगा: गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. अचानक थांबवल्या की चक्कर, मळमळ, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं असे त्रास होतात आणि माणसाला वाटतं आजार परत आला. शिवाय बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, कारण लवकर सोडलं तर आजार उलटण्याचा धोका जास्त. सोडायचंच असेल तर ज्यांनी दिलंय त्यांच्याशी बोलून, डोस कमी करत करत.

आता ते ९० टक्केवालं. आकडा बरोबर आहे, किंबहुना ९० च्या वरच. पण ते सेरोटोनिन आतड्याच्या हालचालीसाठी आणि रक्तातल्या प्लेटलेट्ससाठी वापरलं जातं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो अडसर असतो तो ओलांडून ते मेंदूत जात नाही. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन स्वतः बनवतो, त्यासाठी लागणारा कच्चा माल, ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल, तेवढं जेवणातून येतं. त्यामुळे 'पोटात बनतं म्हणून आजार पोटात' हा तर्क चुकीचा आहे. पण आतडं आणि मेंदू बोलत नाहीत असंही नाही. व्हेगस नर्व्ह नावाची जाड नस आहे, तिच्यातले बहुतेक धागे, साधारण ८० टक्के, खालून वर निरोप नेतात. मेंदूचे हुकूम पोटाकडे कमी जातात आणि पोटाच्या खबरा मेंदूकडे जास्त.

कोकणकडा

वाचतोय. ताई, भावाला भरपूर शुभेच्छा.

आजीचा_बटवा

मला गंमत वाटते की आपल्याकडे जठराग्नी बिघडला की सगळंच बिघडतं हे वैद्य शेकडो वर्षं सांगत आलेत आणि आता तेच परदेशातून 'गट हेल्थ' म्हणून आलं की लोक हजारो रुपये मोजतात. माझी आजी कोणी फार चिंतेत असलं की आधी विचारायची, पोट साफ होतंय का? मी औषधं बंद करा असं म्हणत नाही, पण जेवणाच्या वेळा, रात्रीचं हलकं खाणं, ताजं अन्न ह्याकडे डॉक्टर लोक लक्षच देत नाहीत. पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून मोकळे.

शंकेखोर

@आजीचा_बटवा, आजीचं निरीक्षण चांगलंच असणार, पण निरीक्षण आणि पुरावा यात फरक आहे. माणूस चिंतेत आहे म्हणून पोट बिघडलं की पोट बिघडलं म्हणून चिंता? हे आजीला कसं कळणार? आणि ते जे जंतूंचं संशोधन म्हणून दाखवतात ते सगळं उंदरांवरचं असतं. माणसांवर काय झालंय ते कोणी सांगेल का?

पेशीवाली

शंकेखोर, प्रश्न योग्य आहे. मी ह्याच क्षेत्राच्या शेजारच्या लॅबमध्ये काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात उंदरांपासूनच झाली. २००४ मध्ये जपानमधल्या क्यूशू विद्यापीठात जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर घेतले, म्हणजे त्यांच्या आतड्यात एकही जंतू नाही. त्यांना थोडा वेळ नळीत अडकवून ठेवलं तर तणावाचे हार्मोन साध्या उंदरांपेक्षा बरेच जास्त उसळले. मग त्यांना बिफिडोबॅक्टेरियम नावाचा एक विशिष्ट जंतू दिला तर ही उसळी कमी झाली. साध्या उंदरांचे जंतू लहान वयात दिले तर थोडा फरक पडला, मोठेपणी दिले तर नाही. लहानपणीची काहीतरी खिडकी असते हे तिथून पुढे आलं.

२०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या गटाने, जॉन क्रायन, टेड डायनन वगैरे मंडळी, लॅक्टोबॅसिलस जातीच्या एका जंतूने उंदरांची भीती कमी होते असं दाखवलं. आणि व्हेगस नर्व्ह कापली तर तो परिणाम नाहीसा होतो हेही दाखवलं. हा फार सुंदर प्रयोग होता. २०१३ मध्ये ह्याच गटाने 'सायकोबायोटिक', म्हणजे मनाला फायदा करणारे जंतू, हा शब्द आणला आणि बाजार सुरू झाला.

पण पुढचं कोणी सांगत नाही. तोच जंतू ह्याच गटाने निरोगी पुरुषांना देऊन पाहिला आणि २०१७ मध्ये प्रामाणिकपणे छापलं की प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) काहीही जास्त फरक पडला नाही. ना तणावात, ना चिंतेत, ना स्मरणशक्तीत. मला त्या लोकांबद्दल म्हणूनच आदर वाटतो. तर सांगलीकरीण, पावडरच्या डब्यावर 'क्लिनिकली प्रूव्हन' लिहिलेलं असेल तर भावाला विचारायला सांगा: कुठला जंतू, त्याचा कुठला स्ट्रेन (पोटप्रकार), कोणावर, किती दिवस?

अख्ख्या आहाराचं मात्र चित्र जास्त आशादायक आहे. ऑस्ट्रेलियात डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका यांनी 'स्माइल्स' नावाची ट्रायल केली, २०१७ मध्ये छापून आली. मध्यम ते तीव्र डिप्रेशन असलेले ६७ लोक. निम्म्यांना आहारतज्ज्ञ भेटून भाज्या, फळं, डाळी-कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, ऑलिव्ह ऑइल असा मेडिटेरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या धर्तीचा, आहार शिकवत होते, उरलेल्यांना तेवढाच वेळ कोणीतरी येऊन गप्पा मारत होतं. १२ आठवड्यांनी आहारवाल्या गटात ३२ टक्के लोक डिप्रेशनच्या बाहेर आले, गप्पावाल्या गटात ८ टक्के.

आता ह्याच्या मर्यादा. ६७ म्हणजे लहान ट्रायल. आपण काय खातोय हे माणसाला कळतंच, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. आणि ताई, हे भावाला ठळक करून दाखवा: त्यातले बहुतेक लोक आधीपासून औषधं किंवा थेरपी घेतच होते, ते चालू ठेवून वर आहार सुधारला. गोळ्या सोडून नाही.

मांडवीकाठ

मासे म्हटल्यावर आम्ही गोंयकार हजर. म्हणजे बांगडा खा आणि आनंदी राहा, असंच ना?

पेशीवाली

बांगडा जरूर खा, पण ओमेगा-३ च्या कॅप्सूलवर विसंबू नका. अमेरिकेत १८ हजारांहून जास्त लोकांवर मोठी ट्रायल झाली, २०२१ मध्ये निकाल आला, ओमेगा-३ घेऊन डिप्रेशन टळलं नाही. युरोपातही एक झाली, २०१९ ची, त्यात व्हिटॅमिन-मिनरलच्या एकत्र गोळ्यांनी डिप्रेशन येणं थांबलं नाही. एकेक घटक वेगळा काढून डबीत भरला की बहुतेक वेळा पदरी काही पडत नाही. ताटात मात्र एकाच वेळी पन्नास गोष्टी असतात.

वऱ्हाडी_ठसका

ऑलिव्ह ऑइल, मासे, आहारतज्ज्ञ. हे सगळं कोणाला परवडते हो? आमच्याकडे यवतमाळात माणूस तेल-मिठाचा हिशेब करते आणि इथं चर्चा कशाची तर मेडिटेरेनियन डायेटची. पैसेवाल्याईचं मन ठेवा शाबूत म्हणजे झालं.

यारा_काठी

वऱ्हाडी भाऊ, मी मेलबर्नला राहतो म्हणून त्या ट्रायलबद्दल जरा जास्त वाचलंय. त्यांनी खर्चाचाही हिशोब केला होता आणि सुचवलेला आहार त्या लोकांच्या आधीच्या खाण्यापेक्षा स्वस्त निघाला. कारण तिथे लोक टेकअवे, चिप्स, कोल्ड्रिंक ह्यावर पैसे घालवत होते. आपल्याकडचं गणित वेगळं असेल हे मान्य, पण ऑलिव्ह ऑइल हा त्यातला प्राण नाही. कडधान्यं, भाज्या, अख्खी धान्यं आणि पॅकेटबंद खाणं कमी, हे त्यातलं मुख्य. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी हे ताट त्याच्या फार जवळ जातं.

वऱ्हाडी_ठसका

हे असं सांगा ना मग. भाकरी आणि अंबाडी आमच्या घरचीच आहे.

गुळपोळी

मी माझ्या आईचं सांगते, कदाचित कोणाला उपयोग होईल.

आई आमची पक्की शाकाहारी, डायबेटिसमुळे कित्येक वर्षं मेटफॉर्मिन चालू. मग हळूहळू गप्प गप्प राहायला लागली. भजनाला जायची ते बंद. आमटीत मीठ दोनदा पडायचं नाहीतर पडायचंच नाही. दुपारी उगाच रडायची, विचारलं तर म्हणायची काही नाही गं, कंटाळा आलाय. आम्ही आधी वय म्हटलं, मग बाबा गेल्याचं दुःख म्हटलं. एका डॉक्टरांनी विसरभोळेपणाचा आजार सुरू झाला असेल असं सांगितलं आणि आम्ही सगळेच खचलो.

नंतर ज्या डॉक्टर बाईंकडे गेलो त्यांनी पहिल्यांदा आईला जीभ काढायला लावली. जीभ लालबुंद आणि गुळगुळीत, वरचा खरखरीतपणा गेलेला. मग डोळे मिटून सरळ उभं राहायला सांगितलं तर आई चक्क डोलायला लागली, मी धरलं नसतं तर पडली असती. पायाला मुंग्या येतात का विचारलं तर म्हणाली हो, चप्पल पायातून कधी निघते कळतच नाही. आम्हाला हे तिने कधी सांगितलंच नव्हतं. बी१२ व्हिटॅमिन तपासलं तर अगदी तळाला गेलेलं.

इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्यांदा भूक परत आली, मग बोलणं, मग भजन. मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत, डॉक्टर म्हणाल्या नसांचं नुकसान फार दिवस राहिलं की सगळं भरून येत नाही. डिप्रेशन असलेल्या प्रत्येकाला बी१२ च कमी असतं असं मी म्हणत नाहीये, पण तपासायला काय जातंय? सांगलीकरीण, भावाचं तपासलंय का?

सांगलीकरीण

नाही तपासलेलं! आम्ही पण शाकाहारीच. उद्याच सांगते त्याला. गुळपोळी, मनापासून आभार, आईंना नमस्कार सांगा.

सात्त्विक_सुमंत

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी अंडंही खाल्लेलं नाही आणि सगळे ठणठणीत. दूध, दही, ताक, मोड आलेली कडधान्यं, इडली-डोशाचं आंबवलेलं पीठ ह्यातून सगळं मिळतं. हे बी१२ चं खूळ अलीकडचं आहे. माझी एक भाची स्पिरुलिना (शेवाळासारखी हिरवी पावडर) घेते, त्यातही असतं म्हणे.

ओपीडीतून

सुमंतकाका, शाकाहार सोडा असं कोणीच म्हणत नाहीये, मीही शाकाहारीच आहे. पण बी१२ बनवतात फक्त जंतू, आणि आपल्याला ते मिळतं मांस, मासे, अंडी, दूध ह्यांतून. मोड आलेल्या कडधान्यांत नसतं, इडलीच्या पिठात भरवशाचं नसतं, आणि स्पिरुलिनात जे असतं त्यातलं बरंचसं आपल्या शरीराला वापरताच येत नाही. राहिलं दूध-दही. त्यातून मिळतं, पण चहापुरतं दूध आणि वाटीभर पातळ ताक एवढ्यावर भागत नाही. दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमच लागतं, म्हणजे किती थोडं, पण तेवढंही पोटात जायला हवं ना.

वर वय वाढलं की जठरातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी१२ सुटत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही तेच, मेटफॉर्मिनवाल्यांचंही. आमच्याकडे जवळपास प्रत्येक घरात ह्या दोन्हीपैकी एक गोळी सापडते. आणखी एक, रक्त कमी दिसलं म्हणून नुसतं फोलिक ॲसिड देत राहिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, सगळ्यांना वाटतं बरं झालं, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. गुळपोळी ताईंच्या आईंना जीभ काढायला लावणाऱ्या डॉक्टर बाईंना माझा सलाम.

मांडवीकाठ

तिसऱ्यांत (म्हणजे खायच्या शिंपल्यांत) बी१२ रग्गड असतं हे मी इथे नम्रपणे नोंदवतो.

शंकेखोर

+१ तिसऱ्यांना. पण ह्या सगळ्यात जनुकं कुठे आली? धाग्याच्या नावात आहेत आणि कोणी बोलत नाहीये. त्या थुंकीच्या टेस्टचं काय?

पेशीवाली

आता तिकडेच येते, कारण बी१२ हाच त्याचा दुवा आहे.

प्रत्येक पेशीत तीच जनुकं असतात, पण कुठलं जनुक किती जोरात चालेल हे वेगळं ठरतं. ते ठरवण्याची एक पद्धत म्हणजे डीएनएवर मिथाइल नावाचा बारकासा रासायनिक गट चिकटवणं, म्हणजेच मेथिलेशन. पेटीच्या पट्ट्या त्याच असतात, कुठली दाबायची त्यावर राग ठरतो, तसं. हे मिथाइल गट पुरवणारी जी साखळी आहे तिला फोलेट (फोलिक ॲसिड ज्याचं रूप आहे ते व्हिटॅमिन) आणि बी१२ दोन्ही लागतात. म्हणजे जेवणातला घटक थेट जनुकांच्या कामकाजापर्यंत पोचतो.

दुसरा रस्ता आतड्यातून. आपण जो चोथा खातो, भाज्यांचा, डाळींचा, ज्वारी-नाचणीचा, तो आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू तो आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार करतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या पेशींचं इंधन, आणि डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावर काम करणाऱ्या एका एन्झाइमला ते रोखतं, त्यामुळे काही जनुकं जास्त व्यक्त होतात. हे पेशींमध्ये आणि प्राण्यांमध्ये पक्कं दिसलंय. माणसाच्या मेंदूत ह्यामुळे मूड बदलतो असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे कोणी तसं छातीठोक सांगत असेल तर तो विकायला बसलाय. अवांतर: पुण्याच्या एनसीसीएस ह्या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेतल्या गटाने भारतीयांच्या आतड्यातले जंतू पाहिले तर प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा जास्त आढळले. प्रेव्होटेलाचा संबंध धान्य-भाज्यांच्या आहाराशी लावतात. तेव्हा परदेशी लोकांच्या जंतूंवरून बनवलेली पावडर आपल्याला तशीच लागू पडेल हे गृहीत धरू नका.

आता खरोखरची माणसं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली, रोजचा शिधा हजार कॅलरीच्याही खाली गेला. त्या दुष्काळाच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण साधारण दुप्पट दिसलं. चीनमधल्या १९५९-६१ च्या दुष्काळातही तसंच. आणि डच लोकांमध्ये साठ वर्षांनंतरही एका वाढीच्या जनुकावरचं मेथिलेशन त्यांच्या भावंडांपेक्षा कमी होतं, हे २००८ मध्ये छापून आलं. हे दोन्ही एकमेकांमुळेच झालं असं म्हणता येत नाही, पण आईच्या पोटातली उपासमार इतकी वर्षं मागे राहते हे नक्की.

आणि आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. आयांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींचं बी१२ कमी होतं. ज्यांच्या आईचं बी१२ फार कमी होतं त्या मुलांना नऊ वर्षांची असताना लक्ष टिकवण्याच्या आणि थोड्या वेळापुरतं लक्षात ठेवण्याच्या चाचण्या जड गेल्या. नंतर ह्याच मुलांना किशोरवयात, लग्नाआधीपासून, रोजच्या गरजेइतकंच थोडं बी१२ देऊन बघितलं. त्या मुलींची बाळं दोन वर्षांची झाल्यावर तपासली तर आकलन आणि भाषेत ती पुढे होती. गट लहान होता, पण मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

थुंकीची टेस्ट: ज्या जनुकातला बदल दाखवून गोळ्या विकतात तो बहुधा एमटीएचएफआर ह्या फोलेटच्या कामाशी संबंधित जनुकातला असतो, आणि तो बदल इतक्या लोकांमध्ये असतो की त्यावरून एकट्या माणसाच्या डिप्रेशनबद्दल काही ठरत नाही. सेरोटोनिनच्या एका जनुकाबद्दल २००३ मध्ये केवढा गाजावाजा झाला होता, नंतर २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती तपासली तर अशा गाजलेल्या एकेकट्या जनुकांचा डिप्रेशनशी काही खास संबंध निघाला नाही. डिप्रेशनमध्ये शेकडो जनुकांचा हात असतो, प्रत्येकाचा अगदी चिमूटभर. शिवाय थुंकीच्या त्या टेस्टमध्ये जनुकाची अक्षरं कळतात, ते जनुक मेंदूत किती चालतंय हे कळत नाही. बी१२ ची साधी रक्ततपासणी त्याच्यापेक्षा खूप स्वस्त आणि कामाची.

कोकणकडा

पेशीवाली, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका हो. वाचनखूण साठवली.

पाळणा_हलतो

हे वाचून माझ्या पोटात धस्स झालं. मला सातवा महिना आहे, पहिले तीन महिने उलट्यांमुळे अक्षरशः काही पोटात राहत नव्हतं. बाळाच्या मेंदूवर परिणाम झाला असेल का?

ओपीडीतून

नाही हो ताई, असा अर्थ अजिबात काढू नका. डच दुष्काळ म्हणजे गावंच्या गावं महिनोन्‌महिने उपाशी होती. सुरुवातीच्या उलट्या असंख्य जणींना होतात आणि बाळं छान होतात. शिवाय दुप्पट धोका म्हणजे शंभरात एकाच्या ऐवजी दोघं, बाकीच्या अठ्ठ्याण्णवांना त्या उपासमारीनंतरही तो आजार झाला नाही. तुमच्या डॉक्टरांना फक्त बी१२ आणि हिमोग्लोबिन बघायला सांगा, लोह-फोलिकच्या गोळ्या चुकवू नका, आणि नीट जेवा.

गुळपोळी

पाळणा ताई, काळजी करू नका. डिंकाचे लाडू पाठवू का?

लोकल_८_४२

मी उलट्या बाजूने लिहितो. मला आयबीएस आहे, म्हणजे तपासणीत काही सापडत नाही पण मुरडा येऊन पोट सारखं बिघडतं तो आजार. डोंबिवलीहून रोज लोकल. कुठल्या स्टेशनवर टॉयलेट कुठल्या टोकाला आहे आणि त्यातलं कुठलं उघडं असतं हे मला पाठ आहे. गाडी ठाण्याच्या पुढे मध्येच थांबली की घाम फुटायचा, पोटात मुरडा, आणि मुरडा आला की अजून भीती. स्कोपी झाली, सगळं नॉर्मल. घरचे म्हणायचे मनाचे खेळ आहेत. मनाचे खेळ नव्हते हो, मुरडा खराच होता.

शेवटी पोटाच्या डॉक्टरांनीच अमिट्रिप्टिलिन अगदी कमी डोसमध्ये दिलं. मी म्हटलं ही तर डिप्रेशनची गोळी, मला वेड लागलंय का? ते म्हणाले आतड्यातही नसांचं मोठं जाळं आहे, कोट्यवधी न्यूरॉन, तिथला आवाज जरा खाली आणायला देतोय. दूध बंद केलं, कांदा-लसूण कमी केला आणि काउन्सेलरकडे श्वासाचे व्यायाम शिकलो. आता गाडी थांबली तर थांबली. ताईंच्या भावाला एवढंच सांगेन की आजार पोटाचा की मेंदूचा ह्या वादात वेळ घालवू नको, दोन्हीकडून इलाज कर.

आजीचा_बटवा

लोकल_८_४२, हेच मी म्हणत होते, वेगळ्या शब्दांत. तुमचं वाचून बरं वाटलं. आंबवलेल्या पदार्थांबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. ताक, नाचणीची आंबील, गाजराची कांजी, शिळी भाकरी दह्यात कुस्करून, ह्यांचा काही अभ्यास झालाय का?

पेशीवाली

आपल्या आंबिलीचा नाही, पण २०२१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला ३६ निरोगी लोकांवर केला होता. एका गटाला भरपूर चोथा, दुसऱ्याला दही, केफिर, किमची असे आंबवलेले पदार्थ, दहा आठवडे. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातली जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातली सूज (इन्फ्लमेशन, म्हणजे शरीरातला आतला दाह) दाखवणारी बरीच प्रथिनं कमी झाली. पण तो अभ्यास डिप्रेशनवरचा नव्हता. डिप्रेशन असलेल्या काही लोकांत अशी सूज जास्त असते, म्हणून रस आहे, पण पुढची कडी अजून जोडलेली नाही. आंबील शिजवल्यावर त्यातले बहुतेक जंतू मरतात, घरच्या ताकात मात्र जिवंत असतात. आणि शिजवून गार झालेल्या भाकरी-भातातला काही स्टार्च न पचणारा होतो, तो खालच्या जंतूंना मिळतो. भात मात्र फार वेळ बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा.

वऱ्हाडी_ठसका

सगळं वाचलं. चांगली माहिती आहे, कोणाचं मन दुखवायचं नाही, पण एक बोलतोच. आमच्या गावात माझ्या बरोबरीचा एक जण गेला. त्याच्या घरी भाकरीच होती, उसळच होती, ताकही होतं. कापूस गेला, कर्ज राहिलं, आणि सांगायची लाज वाटली. त्याला कोणी म्हटलं असतं की जेवण सुधर, तर काय झालं असतं? मनाच्या आजाराची कारणं पोटात शोधताना घराबाहेरची कारणं सुटू नयेत एवढंच म्हणणं आहे. तो बोलला असता कोणाशी तर बरं झालं असतं.

ओपीडीतून

वऱ्हाडी भाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ह्या धाग्यात ते यायलाच हवं होतं. कोणाला जगणं नकोसं वाटत असेल तर आहाराची चर्चा बाजूला. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलतात. कृपया हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आपल्यासाठी नसेल तर दुसऱ्यासाठी.

सात्त्विक_सुमंत

नंबर सेव्ह केला. आणि ओपीडीतून साहेब, घरी सगळ्यांचं बी१२ तपासायला टाकलंय. सौ. बरेच दिवस तळपाय जळतात म्हणत होत्या.

सांगलीकरीण

सगळ्यांचे किती आभार मानू. भावाने धागा पूर्ण वाचला, दोनदा. वऱ्हाडी भाऊंचा प्रतिसाद वाचून मला फोन केला आणि बराच वेळ बोलला, ते इथे लिहीत नाही. गोळ्या चालू ठेवतोय, पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सगळं विचारणार आहे. बी१२ कमी निघालं. फार तळाला नाही पण खाली आहे. प्रोबायोटिकचा दुसरा डबा मागवला होता तो परत करतोय.

आता मूळ प्रश्नाचा उरलेला भाग. तो एकटा राहतो, ऑफिसातून रात्री नऊला येतो, स्वयंपाक म्हणजे नूडल्स नाहीतर ॲपवरून मागवणं. गोळ्यांसोबत जेवण सुधारायचं तर सुरुवात कुठून करायची? फार उपदेश केला तर तो काहीच करणार नाही.

लोकल_८_४२

मी एकटा राहत होतो तेव्हाचं सांगतो. कुकरमध्ये रविवारी आणि बुधवारी मूग किंवा चवळी उकडून फ्रिजमध्ये ठेवायची. रात्री आलं की कांदा, टोमॅटो, तिखट-मीठ, उसळ तयार. भाकरी-पोळी गल्लीतल्या काकूंकडून बांधून घ्यायची. पुण्यात पोळीभाजी केंद्रं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. कच्ची काकडी, गाजर, वर वाटीभर दही. नूडल्स घरात आणूनच ठेवायचे नाहीत.

यारा_काठी

ह्यात अजून एक, शक्य असेल तर आठवड्यातून एक-दोनदा कोणाबरोबर तरी जेवायला बसू दे. त्या ट्रायलमध्ये नुसत्या गप्पांनीही काही लोक बरे झालेच होते ना.

ओपीडीतून

दोन्ही उत्तम. बी१२ च्या गोळ्या की इंजेक्शन हे डॉक्टर ठरवतील, दोन्ही चालतात. पुढच्या तपासणीबद्दल सांगतो, कारण इथे बरेच जण गडबड करतात: औषध सुरू केल्यावर आठवड्याभरात पुन्हा बी१२ मोजलं तर आकडा खूप वर दिसतो आणि लोक औषध सोडून देतात. तसं करू नका, पुन्हा कधी मोजायचं तेही डॉक्टरांनाच विचारा. आणि सायकिअ‍ॅट्रिस्टना बी१२ चा रिपोर्ट नक्की दाखवा, त्यांच्या फाइलमध्ये तो असायला हवा.

सांगलीकरीण

हो, दाखवतो म्हणालाय. पोळीभाजीवाल्या काकूही शोधल्या, आज पहिली भाकरी आणली. फोटो पाठवलाय, जरा करपलीये पण आहे ज्वारीचीच.